दहा वर्षांची गॅरंटी

‘आपल्याला कुठे इथं राहायचंय?’ हे वडिलांचं वाक्य सोनम लियाव जन्मापासून ऐकत आली होती आणि आता तिला त्याचा वीट आला होता.

तिचे पापा कोलकात्याचे चिनी. चाळीस वर्षांपूर्वी सिंदी मेघे या गावात आले आणि दातांच्या कवळ्या बनवू लागले. दवाखाना भाड्याचा, वरचं घरही भाड्याचं. पापांनी अंगणात आंबा लावू दिला नाही, की कपाट घेऊ दिलं नाही. कपडे आजही पेटीतच. काका टोरांटोला गेले म्हणून आपणही जायचं! लेक दातांची डॉक्टर होऊन त्याच दवाखान्यात बसली, तरी यांचं जायचं काही संपेना.

आता घरमालक वासुदेवराव इमारत विकत होते. विकत घ्यायचा पहिला मान लियावांना, पण होकार आज दुपारपर्यंत हवा होता. सोनमची पैशांची सगळी तयारी झाली होती. भाडेकरार पापांच्या नावावर, म्हणून अडलं होतं त्यांच्या सहीवर.

“चीनशी झालेल्या बासष्टच्या लढाईत मी सहा वर्षांचा होतो,” पापा हाक्का या चिनी बोलीत म्हणाले. घरात ते तीच बोलत. “आमचं स्वतःचं घर होतं. चिनी म्हणून पोलिसांनी भरदुपारी बाहेर काढलं. म्हणून स्वतःचं काही करू नये.”

“पापा, त्याले साठ वर्षं झाली! मी काऊन भोगू ते?”

पापा उठून खाली दवाखान्यात गेले. हे त्यांचं नेहमीचंच. सोनम धुसफुसत मागून आली. वासुदेवराव होकाराचा कागद घेऊन बाकावर बसलेच होते. खुर्चीत पवनारच्या सीताबाई नवी कवळी चाचपत होत्या.

“किती टिकन जी, डॉक्टरसाहेब?”

“दहा वर्षं गॅरंटी,” पापा म्हणाले. “ढिली झाली तं इथंच येजो.”

सोनमचा तोल सुटला. “हिले दहा वर्षं, अन् मले रोज जायचं-जायचं?”

सीताबाई चमकल्या. “म्हणजे तुमी गाव सोडून राह्यले?” त्यांनी कवळी काढली आणि पापांच्या तळहातावर ठेवली. “मंग मले नाई पायजे.”

पापा गडबडले. “नाई वं बाई! मी कुठं जाऊन राह्यलो? इथंच हावो मी, मरेपर्यंत.”

सोनम बघतच राहिली. बत्तीस वर्षं ती ज्या वाक्यासाठी आसुसली, ते सीताबाईंना फुकटात मिळालं होतं. रागाने तिचे डोळे भरून आले.

तिने वासुदेवरावांच्या हातून कागद घेतला आणि पापांपुढे ठेवला.

“माह्यासाठी नका करू,” ती म्हणाली. “सीताबाईसाठी करा सही.”