ताईनं मुळं कापली

भावानं झाड आणलं ते टॉवेलात गुंडाळून, आजारी मांजर डॉक्टरकडे न्यावं तसं. दारातच म्हणाला, "ताई, जरा बघ गं याच्याकडे. तुला कळतं त्यातलं."

ताईला त्यातलं कळतं हा शोध त्याला नुकताच लागला होता. बाबा गेले तेव्हा घरातून दुसरं काही न नेता त्यानं फक्त हे झाड नेलं होतं, बाबांची आठवण म्हणून. ढोपराएवढं जुनिपरचं बोन्साय, ताईपेक्षा वयानं मोठं. बाबा छापखान्यात जुळारी होते, अक्षरांचे खिळे जुळवायचे. खिळे उचलायच्या चिमट्यानंच ते झाडाची पालवी खुडत. पुढं त्यांची नजर गेली आणि चिमटा ताईच्या हातात आला. बाबा खुर्चीतून सांगत, "डावीकडचं. ते नव्हे, त्याच्या खालचं. आंधळी आहेस का?" त्यांना स्वतःला तेव्हा खिडकीसुद्धा दिसत नव्हती.

झाड भावाला द्यायचं, हेही त्यांनीच सांगितलं होतं. ताई त्यांना भरवत होती, चमचा तिच्याच हातात होता. "झाड त्याला द्यायचं," बाबा म्हणाले. "तुझं काय, तू आहेसच." तिनं त्यांचं तोंड पुसलं आणि पुढचा घास भरवला. त्यामुळं झाडावर हक्क सांगायला तिला तोंडच उरलं नव्हतं.

आता टॉवेल सोडला तर झाडाचे शेंडे तपकिरी पडलेले. बाबांच्या निळ्या कुंडीतल्या मातीवर पांढरे गुळगुळीत खडे बसवलेले होते, आणि ते हलेनात. चिकटवलेले होते.

"हे कोणी केलं?"

"तुझ्या वहिनीनं. माती उघडी वाईट दिसते गं. काचेच्या टेबलावर ठेवलं होतं, दिवाणखान्यात."

"आत? एसीत?"

"मग काय गॅलरीत ठेवू? तिथं कोणाला दिसणार?" भावानं घड्याळ पाहिलं. "पाणी मात्र रोज घालायचो हं, स्वतः." आईच्या पाया पडावं तसा वाकून त्यानं आईच्या खुर्चीशेजारी मिठाईचा डबा ठेवला, तिच्या गालाला हात लावला आणि तो गेला. आई बराच वेळ गालावर हात ठेवून बसली होती.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला होती. दुसऱ्या दिवशी तिथलं भिंग घरी आणून ती तपासणीला बसली. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली. कागदावर मिरपुडीसारखे ठिपके पडले आणि थोड्या वेळानं चालायला लागले. बोट फिरवलं तर तांबूस रेघ उठली. लाल कोळी, झाडाचा रस शोषणारे. कोरड्या हवेत हे फार माजतात. पण एवढ्यानं एवढं झाड झोपायचं नाही. मग तिनं नखानं फांद्यांची साल खरवडायला घेतली. सालीखाली हिरवं, ओलं असेल तर फांदी जिवंत. शेंड्याजवळची खरवडली, तपकिरी. मधली, तपकिरी. उजवीकडची जाड फांदी, जिच्यावर बाबांनी वर्षानुवर्षं तारा बांधल्या आणि सोडल्या, तीही लाकडासारखी कोरडी. मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून वाढलेली एक खालची फांदी होती. तिथं नखाला ओल लागली.

खडे पटाशीनं उचकटून तिनं झाड कुंडीतून काढलं. नाल्यासारखा वास आला. मुळांना हात लावला की त्यांची साल बोटांत सुटून येत होती. पाणी निघून जायचं तळाचं भोक वरून झिरपलेल्या गोंदानं बंद झालेलं.

"पाणी कमी पडलं असेल," आई खुर्चीतून म्हणाली.

"जास्त पडलंय. मुळं कुजलीत."

"म्हणजे काळजी घेतली त्यानं," आई म्हणाली, आणि मिठाईच्या डब्याचा दोरा सोडू लागली.

बाबांच्या बोन्साय मंडळातले एक जुने मास्तर होते. निवृत्त झाले होते, पण कुणाचं झाड आजारी म्हटलं की येत. ते आले, त्यांनी मुळं हुंगली आणि फांदी खरवडली.

"कापावी लागतील," ताई म्हणाली.

"हा मुळं कापायचा हंगाम नाही. ऐन उन्हात कापलीस तर धक्क्यानं जाईल."

"आणि थांबले तर?"

"तर हंगाम येईल, झाड नसेल." मास्तरांनी हात झटकले. "मी सांगत नाही काप म्हणून. तुझं तू ठरव."

तिनं ठरवलं. बाबांची कात्री उकळत्या पाण्यातून काढली आणि काळं ते सगळं कापलं. हाताशी उरलं ते मूठभर. ते लाकडी खोक्यात, खडबडीत खडी घालून, सुतळीनं बांधून बसवलं, म्हणजे वाऱ्यानं हलून नवी मुळं तुटणार नाहीत. पालवी पाण्याच्या फवाऱ्यानं पुन्हा पुन्हा धुतली. खोकं गॅलरीच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवलं. त्याच्यावर ओल्या कापडाचा आडोसा केला. कामावर जाण्याआधी शिंपडायचं, दुपारच्या सुट्टीत धावत घरी येऊन पुन्हा शिंपडायचं, आईला वाढायचं, आणि डबा दुकानात परत जाऊन उभ्याउभ्या खायचा.

"माझ्यासाठी कधी आली नाहीस दुपारची," आई म्हणाली.

"रोज येते आई. तुला वाढायलाच येते."

"आता येतेस."

उन्हाळा सरता सरता त्या मागच्या फांदीच्या टोकांवर पोपटी ठिपके दिसले. ताईनं भिंग लावून पाहिलं, कोळी नव्हते. नवे कोंब होते. त्या दिवशी दुकानात तिनं एका गिऱ्हाइकाची काच उलटी बसवली आणि मालकाची बोलणी हसत हसत खाल्ली. बाकी झाड मेलेलंच होतं. वाळकं खोड आणि त्याच्या कुशीतून निघालेली एक हिरवी फांदी, एवढंच. पण तिच्या आयुष्यात कुणी तिच्यामुळं बरं झालं, असं पहिल्यांदाच घडत होतं. बाबांना तिनं वर्षानुवर्षं सांभाळलं, पण ते काही बरे झाले नाहीत.

मग भावाचा फोन आला. मंडळाचं प्रदर्शन होतं. बाबांच्या स्मरणार्थ वेगळं टेबल मांडणार होते आणि भावाला बोलायला सांगितलं होतं.

"झाड लागेल मला. बाबांच्या निळ्या कुंडीत."

"नाही. आता हलवायचं नाही. मुळं आत्ता कुठं धरतायत. वर्षभर तरी खोक्यातच राहू दे."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे ताई."

"एका दिवसातच जाईल ते."

"तू ना, उगाच बाऊ करतेस. आणि एक सांगू? झाड माझं आहे."

"आहे ना तुझं," ताई म्हणाली. "म्हणूनच मरत होतं." आणि फोन ठेवला. एवढं तोडून ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. दिवसभर तिला धास्तीही वाटत होती आणि बरंही.

त्याच आठवड्यात ती कामावरून आली तर गॅलरीत खोकं रिकामं. खडी फरशीवर सांडलेली, सुतळी कापलेली. खडीत पांढरी, केसासारखी मुळं तुटून पडली होती. ताजी. तिनं एक उचललं, ते तळव्यावर दिसेनासं होण्याइतकं बारीक होतं.

"अगं तो आला होता," आई आतून म्हणाली. "नर्सरीतला माणूस घेऊन. मीच दार उघडलं. त्याची वस्तू आहे, नाही कसं म्हणू? किती वाळलाय गं तो."

प्रदर्शनाला ती गेली. जाणार नाही म्हणत म्हणत गेली. पांढऱ्या चादरीच्या टेबलावर निळ्या कुंडीत झाड होतं, बुंध्याशी शेवाळ बसवलेलं, वाळकं खोड घासून चकचकीत केलेलं. लोक वाकून बघत होते. "वाळकं लाकूड कसं मुद्दाम राखलंय बघा," एकजण बायकोला सांगत होता. "याला म्हणतात दृष्टी." पाटीवर बाबांचं नाव होतं, आणि खाली जोपासना म्हणून भावाचं.

भाऊ छान बोलला. बाबांची बोटं, बाबांचा चिमटा. "शेवटी बाबांनी हे झाड माझ्या हाती सोपवलं. मध्यंतरी ते आजारी पडलं, पण आम्ही हार मानली नाही." मग त्याला मागं उभी ताई दिसली. "ताईचीही मदत झाली," तो म्हणाला. टाळ्या वाजल्या.

गर्दी पांगल्यावर ताईनं त्या एका फांदीला हात लावला. हिरवीच होती. पण बोटांत कुरकुरली, कागदासारखी. शेजारी मास्तर येऊन उभे राहिले, त्यांनीही हात लावला.

"जुनिपर मेल्यावरही बरेच दिवस हिरवं दिसतं," ते हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे."

"बोलणार आहेस का काही?"

ताईनं भावाकडे पाहिलं. तो निळ्या कुंडीशेजारी उभा राहून कुणाकुणाबरोबर फोटो काढून घेत होता. तिला ओरडावंसं वाटलं, आणि ओरडल्यावर लोक काय म्हणतील तेही ऐकू आलं. "मास्तर, मी मुळं कापली ते चुकलं का?" तिनं विचारलं. "तेव्हा थांबायला हवं होतं का?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "माहीत नाही गं," ते म्हणाले. त्यांच्याकडून तिला निराळं काहीतरी हवं होतं.

झाड तपकिरी झालं तेव्हा ते भावाच्या घरी होतं. ताईला कुणी कळवलं नाही. कळलं ते असं, की ती ओट्याशी भांडी घासत होती आणि आई मावशीशी फोनवर बोलत होती. "गेलं हो ते झाड. काय करणार, ताईनं मुळं कापली ना. भर उन्हात. तेव्हाच म्हटलं मी. तो बिचारा किती जपत होता."

ताईनं हात न पुसताच बाहेर येऊन फोन संपायची वाट पाहिली.

"मी मुळं कापली म्हणून ते एवढे दिवस जगलं, आई."

"असेल बाई. मला काय कळतं त्यातलं?"

"मग मावशीला काय सांगत होतीस?"

"काहीतरी सांगावं लागतं ना. त्याच्यावर कशाला ढकलायचं? त्याला आधीच वाईट वाटतंय." आईनं पदर सारखा केला. "तुला चालतं. तू काही मनाला लावून घेत नाहीस."

ताईनं ओल्याच हातानं भावाचा नंबर फिरवला आणि आवाज मोठा करून फोन आईच्या समोरच्या टेबलावर ठेवला.

"आईला थोडे दिवस तुझ्याकडे ने," ती म्हणाली. "तिला तुझी आठवण येते."

आई फोनकडे बघत बसली होती, मान किंचित पुढं.

"अगं आत्ता?" भाऊ म्हणाला. "घरात रंगकाम काढलंय. वासानं तिलाच त्रास होईल. पुढं बघू ना, नक्की बघू. आणि आईला हे उगाच सांगू नकोस, वाईट वाटेल तिला."

ताईनं फोन बंद केला. तिनं आईकडे पाहिलं, आणि पाहिल्याबरोबर तिला आपण केलं ते नको होतं असं वाटलं. आईचा चेहरा जरा बावचळला होता. पण तेवढ्यापुरताच.

"बघ," आई म्हणाली. "आपल्याच माणसाला वासाचा त्रास होईल म्हणून किती विचार करतो. तू कशाला त्याच्या मागं लागतेस? त्याला किती व्याप आहेत." मग तिनं गोळ्यांचा डबा पुढं ओढला. "गोळीची वेळ झाली. पाणी दे."

ताईनं पाणी आणलं.

"गार आहे," आई म्हणाली.

ताईनं ते पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं. कढ येऊ लागला तरी ती तशीच उभी राहिली, मग पेल्यात ओतून तिनं तो आईच्या हातात दिला. आईनं घोट घेतला, ओठ मागं घेतले, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि फुंकर घालत बसली.