झटका मशीनची बॅटरी

सुरभीनं पहाटेच शेतातल्या झटका मशीनची बॅटरी सोडून घरी आणली. विचारायचं कशाला? रानडुकरांना कुंपणाच्या तारेतून हलका दणका देणारी ती मशीन दिवसा तशीही बंदच. घाटंजीकडच्या विजेचा काडीचा भरवसा नाही, आणि नोकरीची ऑनलाइन परीक्षा आजच. तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि त्याचा छोटा पडदा बॅटरीवर बिनबोभाट चालू झाला. पेपर सुरू झाला आणि अपेक्षेप्रमाणे वीज गेली, पण पडदा काही विझला नाही. पोरगी स्वतःवर भलतीच खूश झाली.

तेवढ्यात तिची आई, विमलताई, शेतातून धापा टाकत आली.

"बॅटरी चोरीले गेली वं आपली! तुह्या बाबानं मंग विहिरीवरल्या मोटारीच्या डब्यातून सरळ लाइनच जोडली तारेले. म्हणे, येऊ दे आता डुकरं!"

सुरभीच्या पायाखालची जमीनच सरकली. "आई, बॅटरी मीच आणली! बाबा कुठी हायेत?"

"तार ताणून राह्यले. लाइन तं रातीच येते, दिवसा कायचं भेव?"

पण शेतीची लाइन आजपासून दिवसा येणार, असा निरोप सकाळीच गावच्या ग्रुपवर आला होता. सुरभीनं तो वाचला होता आणि कुणाला सांगितला नव्हता.

बाबांचा फोन लागेना. पेपर तसाच टाकून ती पळत सुटली. एरवी विजेच्या नावानं बोटं मोडणारी ती, आज वीज येऊ नये म्हणून देवाचा धावा करत होती. विहिरीजवळच्या डब्याचा खटका तिनं खाली ओढून तारेची लाइन तोडली.

"पेपर सोडून काहून आली?" तिचे बाबा, वामनराव, धुऱ्याच्या बांधावरून ओरडले. तार त्यांच्या मुठीत होती.

तिनं नुसतं डब्याकडे बोट केलं. इतक्यात शेजारच्या वावरातली मोटार आपोआप घरघरायला लागली. लाइन आली होती. वामनरावांनी त्या आवाजाकडे पाहिलं, मग हातातल्या तारेकडे, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पोरी," ते कसेबसे म्हणाले, "बायाइले वेचायले बलावलं होतं मी."

कापूस वेचणाऱ्या बाया पलीकडच्या धुऱ्यावर पोचल्याच होत्या. सगळ्यात पुढं म्हातारी धुरपताबाई. तिनं नेहमीसारखी तार हातानं वर उचलून धरली, मागच्या बायांना वाट करून दिली आणि हसत विचारलं, "काय वं सुरभी, झाला काय पेपर?"