हंसाची चाल

"नापास झालीस तर मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवीन," असं बापानं महानंदाला बजावलं होतं. शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. मास्तरांनी उपमा अलंकार वर्षभर घोकून घेतला होता, तोच साहेबांनी महानंदाला विचारला.

"तुझ्या आईची चाल कशासारखी, गं?"

'हंसासारखी' हे महानंदाला पाठ होतं. पण साहेबांनी आईचं नाव काढलं आणि तिला खरीच आई आठवली.

"मागावरच्या धोट्यागत, साहेब! हिकडून तिकडं, थांबणं न्हाय."

मास्तर खेकसले, "गाढवे, हंसासारखी!"

"हंस कुटं बघितला तुमी, मास्तर?"

"पुस्तकात!"

"मग हंसच बरोबर," म्हणत साहेबांनी तिला नापास केलं आणि शाळेच्या वहीत शेरा लिहिला, 'मुलांची कल्पनाशक्ती उत्तम.'

दुसऱ्या दिवशी महानंदा आईशेजारी कांड्या भरायला बसली.