कटोरीचं गणित

चंद्रभागाबाईंनी बिबवेवाडीत तीस वर्षं ब्लाउज शिवले, पण टेप कधी गळ्यात घातला नाही. मापाचा जुना ब्लाउज कापडावर ठेवायचा, चार बोटं इकडं, दोन बोटं तिकडं, की कात्री सुरू. लेकीलाही तसंच शिकवायला गेल्या. चैताली विचारायची, "चारच बोटं का?" बाई म्हणायच्या, "तोंड बंद, डोळे उघडे!" पण पोरीला नुसतं बघून काही उमजेना. तीन कापडं वाया गेली तेव्हा बाई बोलून गेल्या, "तुझ्या हातात शिवणच नाय." चैतालीनं कात्री ठेवली ती ठेवलीच.

सात वर्षं झाली त्याला. आता वारज्यात तिचाच शिवणक्लास आहे. ब्राउन पेपर, पट्टी, वही. छाती भागिले चार, अधिक अमुक. सणावाराला माहेरी येते, जेवते, पण शिवणाचा विषय निघाला की भांडी घासायला उठते. आणि बाईंना तर तेवढंच बोलायचं असतं.

शेवटी एका मंगळवारी बाई थेट क्लासात जाऊन मागच्या बाकावर बसल्या.

"आई? इकडं कशी?"

"शिकायला आले. जागा हाय का फुल?"

"गप्प बसणार असशील तर आहे."

बाई बसल्या गप्प. पुढं तनुजा नावाच्या पोरीच्या ब्लाउजला, छातीवरच्या गोल कटोरीला, चुण्या पडत होत्या. चैतालीनं गणित दोनदा तपासलं. गणित बरोबर, चुण्या तशाच. मांडीवर बाईंचे हात नुसते वळवळत होते. पण बोलल्या नाहीत. पोरी घरी गेल्या.

"बोल आता. नाहीतर फुटशील."

"कापड तिरकं धरायचं कटोरीला."

"तिरकं म्हणजे किती?"

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. "ते... हाताला कळतं गं."

"तेव्हाही हेच! मला वाटायचं, तू मुद्दाम सांगत नाहीस."

बाई बघतच राहिल्या. "अगं बये, सांगता आलं असतं, तर तुला अशी जाऊ दिली असती का मी?"

 चैतालीनं टेबलावर नवं कापड पसरलं, कात्री आईपुढं सरकवली, वही उघडली.

"काप. मी म्हणेन तिथं थांबायचं. मोजून लिहून घेणार आहे मी."

"घे की."

एरवी दहा मिनिटांत ब्लाउज बेतून मोकळ्या होणाऱ्या बाई कात्री मुंगीच्या पावलानं चालवायला लागल्या. लेक खांद्याला खांदा लावून वाकली होती.

"आई, पुढं काप ना."

"थांब गं. घाईत चुकंल," बाई म्हणाल्या. तीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.