कुजबुजीची सूट

“आता ‘ई’ म्हणा. लांबवा,” डॉक्टर म्हणाले.

नाकातून कॅमेऱ्याची नळी घशापर्यंत उतरलेली, घसा बधिर, डोळ्यांना धार लागलेली, आणि म्हणे ‘ई’ म्हणा! बसस्थानकावरच्या माइकवालीनं म्हटलं तरी. निघाला तो नुसता फुसफुसता वारा.

याच खुर्चीत, जागेपणी, तिच्या स्वरतंतूवरची गाठ दोनदा लेसरनं जाळली होती. नळीतून बारीक तार आत जायची, घशात जळका वास यायचा आणि दुपारपर्यंत बाई घरी. साधी गाठ आहे, घाबरायचं काम नाही, असं जो तो सांगायचा. सांगणाऱ्याचं काय जातंय!

बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात तिचा जन्म गेला होता. घर स्थानकाच्या पाठीमागेच. निवृत्त ड्रायव्हर असलेल्या बाबांची दृष्टी गेली तेव्हापासून ते खिडकीपाशी बसून भोंग्यातला तिचा आवाज ऐकायचे. लेक दिवसभर घरातच आहे असं त्यांना वाटायचं. आता भोंग्यावर दुसरीच कोणी होती आणि हिला पार्सलच्या खिडकीत बसवलं होतं. बाबा तेव्हापासून खिडकी लावून घ्यायचे.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. गाठ गेली होती, पण तिथं वण धरला होता आणि तो तंतू ताठ होऊन बसला होता. लेसरनंतर सांगितलेलं मौन पाळलं होतं का, असं त्यांनी विचारलं. तिनं जोरजोरात मान डोलावली. शेजाऱ्यांशी, कामावर, फोनवर, कुणाशी म्हणून ती बोलली नव्हती. सगळ्यांसाठी पाटी होती. पण आंधळ्या माणसाला पाटी काय दाखवणार? बाबांच्या तेवढं कानाशी लागून कुजबुजायची. कुजबुज म्हणजे काही बोलणं नव्हे, असं तिनं आपल्या मनानंच ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “कुजबुजताना घशाला जास्त ताण पडतो हो, बाई. असाही वण धरला असता कदाचित, नाही असं नाही. पण आता आवाज एवढाच. परत लेसर मारून उपयोग नाही.”

ती रागावलीसुद्धा नाही. कुणावर रागावणार?

घरी बाबा दारातच उभे होते. आजपासून बोलायची परवानगी मिळणार हे त्यांना ठाऊक होतं. सकाळी स्वतः चाचपडत दाढीसुद्धा केली होती.

“बाबा,” ती म्हणाली.

लाकडावर करवत फिरावी तसं काहीतरी उमटलं. बाबांचा चेहरा क्षणभर थिजला. मग ते हसले.

“वा! अगदी पूर्वीसारखा आलाय गं,” ते म्हणाले. “मी म्हणत नव्हतो?”

आयुष्यात धड एक थाप मारता आली नव्हती या माणसाला. तीही हसली आणि तोंड धुवायला आत गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. ती पोटभर रडली. बाबांना ऐकू गेलं असणारच.

जेवून बाबा कॉटवर कलंडले. उन्हं उतरल्यावर तिनं चहा केला आणि कप घेऊन त्यांच्याजवळ गेली. त्यांना गाढ झोप लागली होती.

“उठा, चहा झालाय,” ती म्हणाली.

बाबा दचकून जागे झाले. घाईघाईनं पाय जवळ ओढून उठून बसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, हातानं केस सारखे केले आणि आवाजाच्या रोखानं अदबीनं म्हणाले, “या, या. बसा ना. लेक कामावर गेलीय, येईलच इतक्यात.”

तिनं कप त्यांच्या हाताला लागेल असा ठेवला. मग समोरची खुर्ची आवाज न करता ओढली आणि पाहुण्यासारखी तिच्या कडेला टेकून बसली.