बुधवारची तांबोशी

पुरिंगने माझ्या भावाला लग्नाला सरळ नाही म्हटलं असतं, तर मला एवढा ताप झाला नसता. चार दिवस तोंड पाडून बसला असता आणि पाचव्या दिवशी जेवायला लागला असता. पण ती म्हणाली, "बुधवारी संध्याकाळी जेवायला येते. स्वयंपाक तुम्ही करायचा, एकट्याने. मग काय ते सांगते."

सातूर माझा धाकटा भाऊ, वय वर्षं साठ. बोटीच्या धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीत बसतो. चार वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, तेव्हापासून दोन्ही वेळचं जेवण कुंपणावरून मीच देते. कुरकुरत देते, पण देते. पुरिंगचं बाजारात औषधाचं दुकान आहे. तिचा नवरा एकोणीस वर्षं अंथरुणाला खिळून होता, त्याचं सगळं तिने एकटीने केलं. आता पुन्हा कुणाची स्वयंपाकीण व्हायची तिची तयारी नव्हती. रविवारी चर्चच्या अंगणात, माझ्यादेखत, तिने सातूरला ऐकवलं.

"सणाला डुक्कर भाजायला कुणीही पुरुष उभा राहतो. दहा जण मदतीला, वर बिअर. मला साध्या वारी, कामावरून दमून आल्यावर कोण रांधतो ते बघायचंय."

"रांधतो की," सातूर म्हणाला. त्याने जन्मात अंडंसुद्धा उकडलेलं नव्हतं.

मला हे लग्न व्हायला हवं होतं. एक तर माझी सुटका झाली असती. आणि दुसरं म्हणजे, तो खरंच एकटा पडला होता. आमच्याकडे फिलिपिन्समध्ये जेवताना समोर कुणी दिसलं की "चला, जेवू या" म्हणायची रीत आहे. एकदा मी कुंपणापाशी उभी असताना सातूर रेडिओला "चला, जेवू या" म्हणाला, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मंगळवारी त्याने कॅनडातल्या मुलीला फोन लावला. शेरिस तिथे नर्स आहे. फोनच्या पडद्यावर तिचं अर्धंच कपाळ दिसत होतं, पण आवाज खणखणीत.

"पापा, अगदी सोपं आहे. मी ड्यूटीवरून आले की हेच करते. अख्खा मासा घ्या, चिरा द्या, मीठ चोळा. पोटात आलं, कांदा आणि गवती चहा ठेचून भरा. वरून कालामान्सीची लिंबं पिळा, पण बिया काढून हं! केळीच्या पानात गुंडाळा. ओव्हन आधी दहा मिनिटं नुसता तापवा, मग मासा आत. वीस मिनिटं. झालं!"

"ओव्हन कुठला?"

"पापा! मी सहा वर्षांपूर्वी पैसे पाठवून घ्यायला लावला तो! शेगडीच्या खाली!"

"तो? ते कपाट आहे गं."

यात त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्या गल्लीत पाच घरांत ओव्हन आहेत आणि पाचही कपाटं आहेत. पातेली, कढया, झाकणं आणि आइस्क्रीमचे रिकामे प्लास्टिकचे डबे त्यांत राहतात. त्या डब्यांत आइस्क्रीम सोडून बाकी सगळं ठेवतात. सातूरने मंगळवारी रात्री सगळा ऐवज बाहेर काढला, ओव्हन आतून पुसला आणि भांडी टेबलावर मांडून झोपला.

आता बुधवार. तो धक्क्यावर गेल्यावर मी माझ्याकडच्या किल्लीने त्याचं घर उघडलं. स्वयंपाकात लुडबुड करायची नाही, हे मला ठाऊक होतं. मी फक्त झाडायला गेले होते. झाडणं म्हणजे काही रांधणं नव्हे. पण पाहते तर टेबलभर पसारा! बाई जेवायला येणार आणि बसायला टेबल नाही! मी कपाळाला हात लावला. मग एकेक भांडं पुसलं, मोठ्यात मधलं, मधल्यात लहान बसवलं, वर झाकणं मापाप्रमाणे लावली, डबे एकात एक घातले आणि सहा वर्षांच्या सवयीने सगळं जागच्या जागी ठेवून दिलं. दार बसत नव्हतं, ते गुडघ्याने ढकलून लावलं. टेबलावर स्वच्छ चादर घातली आणि स्वतःवरच खूश होऊन घरी आले.

पाच वाजता सातूर तांबोशी घेऊन आला. माझ्या खिडकीतून त्याचं स्वयंपाकघर स्पष्ट दिसतं. त्याला माझा इलाज नाही. टेबल मोकळं बघून तो क्षणभर थबकला, मग खांदे उडवून कामाला लागला. आणि खरं सांगते, काम नीट करत होता. चिरा तिरप्या दिल्या. कालामान्सी मुठीत पिळायचा, बिया बोटांत अडकवायचा, रस तेवढा खाली. केळीचं पान आधी आचेवर फिरवून मऊ केलं, शेजारी भात शिजत लावला. मला नाव ठेवायला जागा सापडेना, तेव्हा जरा अस्वस्थच झाले.

सहाला पुरिंग आली. तिने पिशवीतली पपई टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घालून खुर्चीत बसली, जणू परीक्षाच घ्यायला आली होती. सातूरने ऐटीत खाली वाकून, दार न उघडताच खालच्या भोकातून ओव्हन पेटवला.

पाचेक मिनिटं झाली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भांडी! मी चपला न घालताच धावले. कुंपणाला वळसा घालून पोचेपर्यंत दारातून काळा धूर येत होता आणि प्लास्टिक जळल्याचा वास गल्लीभर पसरला होता. माझ्या पुढे समोरच्या घरातला डेल्फिन बादली घेऊन, त्याच्या मागे त्याची बायको मर्लिंग.

"पाणी टाकू का?" डेल्फिन ओरडला.

"कुणावर? माझ्यावर?" सातूर खोकत म्हणाला. त्याने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि ओव्हनचं दार ओढलं.

आइस्क्रीमचे सगळे डबे वितळून पातेल्यांवरून ओघळले होते. लहान मधल्याला, मधलं मोठ्याला, सगळी भांडी कायमची चिकटली होती. सातूरने ती मापाप्रमाणे लावलेली झाकणं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"संपलं," डेल्फिन म्हणाला. "कोपऱ्यावरून शेवया मागव, सातूर. काय करणार?"

पुरिंग रुमाल नाकाला लावून कोपऱ्यात उभी होती. तिने शेवयांना हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ती नुसती सातूरकडे बघत होती. आणि सातूर, पानात गुंडाळलेला मासा तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर धरून, स्वयंपाकघराच्या मधोमध उभा होता. मला वाटलं, आता रडतो.

"माशाला काय झालंय?" तो म्हणाला. "मासा तर बराय. मर्लिंग, तुझी बिबिंकाची भट्टी रिकामी आहे का?"

मर्लिंग दर रविवारी चर्चबाहेर तांदळाचे केक विकते. मातीची भट्टी, खाली निखारे, वर पत्रा, पत्र्यावरही निखारे. ओव्हन कपाट झाला तरी आमच्याकडे भाजायचं काही अडत नाही ते त्यामुळे. डेल्फिनने भट्टी उचलून अंगणात आणली. मी पंखा घ्यायला हात पुढे केला, तर सातूर खेकसला, "मानांग, हात लावायचा नाही!" मानांग म्हणजे ताई, सगळी गल्ली मला तेच म्हणते.

"पंखा नुसता हलवते रे."

"नाही म्हणजे नाही. एकट्याने करायचंय."

मग तो उकिडवा बसून स्वतःच निखारे फुलवत राहिला. पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टावर राख, मिशीवर राख. पुरिंग बादली उलटी घालून समोर बसली. मदतीला तिने बोटही उचललं नाही. शेरिसच्या वीस मिनिटांची पन्नास झाली. पण मध्येच पानाची कड करपायला लागली आणि गवती चहा नि कालामान्सीचा वास सुटला, तेव्हा मघाचा प्लास्टिकचा वास कुठल्या कुठे गेला.

मासा आत टेबलावर नेला आणि पान उघडलं. सातूरने मान वर केली, आम्हाला सगळ्यांना पाहिलं आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "चला, जेवू या!"

यावर काय म्हणायचं, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. "आत्ताच जेवलो हो," म्हणायचं आणि निघायचं. मर्लिंग तसं म्हणालीही. डेल्फिन मात्र खुर्ची ओढून बसला.

"अहो!" मर्लिंगने त्याला चिमटा काढला.

"तीन दिवस कारलं खातोय मी," डेल्फिन म्हणाला. "बोलावलंय ना त्याने?"

नवरा बसला म्हणून मर्लिंग बसली. मी वासामुळे बसले. दोघांची तांबोशी पाच जणांत आली.

मासा झाला होता मात्र झकास. बोट लावताच मांस काट्यापासून सुटत होतं. आंबट, खारट, आल्याचा झटका. पुरिंगने पहिला घास घेतला आणि विचारलं, "सातूर, ओव्हन पेटवण्याआधी उघडून बघितला नाहीत?"

"नाही. चुकलंच माझं," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने डोळाही वळवला नाही.

मी भात चिवडत बसले. दोन घास तसेच गिळले, मग ताट पुढे सरकवलं. "मी ठेवली भांडी!" मी ओरडले. "त्याने काढली होती, मी परत भरली! त्याचा काही दोष नाही!"

"मानांग, गप बस ना," सातूर कळवळला. आपल्याला मदत झाली असं कळलं तर सगळं ओमफस, ही त्याची भीती.

"मला मघाशीच कळलं," पुरिंग म्हणाली. "कुठला पुरुष झाकणं मापाप्रमाणे लावून ठेवतो?"

"पण याने एकट्यानेच केलंय हं," मी घाईने म्हणाले. "मी काही मदत केली नाही."

"मानांग, तुमच्या त्या कामाला मदत कोण म्हणेल?" असं म्हणून ती हसली, मग डेल्फिन हसला, मग सगळेच. सातूर सोडून. त्याला अजून उत्तर मिळालेलं नव्हतं.

शेवटी ताटात एकच तुकडा उरला. पोटाकडचा, चरबीचा, रसात भिजलेला. तिथे सगळ्यांचे हात थांबले. आमच्याकडे शेवटचा तुकडा पाहुणा उचलत नाही, मग तो कितीही भुकेला असो. उचलला तर वर्षभर गावात चर्चा होते. तो घरच्या माणसाचा. पाहुणे गेल्यावर, मोरीपाशी उभ्याउभ्या खायचा.

"डेल्फिन, तू घे," सातूर म्हणाला.

"छे छे, गच्च झालं. मानांग, तुम्ही घ्या."

"मला नको बाई. मर्लिंग?"

ताट दोनदा टेबलभर फिरलं. तिसऱ्यांदा पुरिंगपुढे आलं. तिने तुकडा उचलला, निवांत काटा काढला आणि सगळ्यांदेखत खाऊन टाकला. मग बोटंही चाटली.

डेल्फिनला ठसका लागला. मर्लिंगने त्याला दंडाला धरून उठवलं आणि "येतो हं आम्ही" म्हणत दोघं दारातून बाहेर पडलीसुद्धा. आमचा सातूर मात्र तसाच. "आवडला वाटतं," तो म्हणाला. "पाहुण्यांना आवडला की बरं वाटतं."

"पाहुणे आत्ताच गेले," पुरिंग म्हणाली.

सातूरने दाराकडे पाहिलं, रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. हळूहळू त्याचे कान लाल झाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो चाचरत म्हणाला, "मासा लहान पडला, नाही? मोठा आणायला हवा होता."

"उद्या मोठा आणा," ती म्हणाली आणि ताटं गोळा करायला उठली. "दुकान बंद करून सहाला घरी येते मी."