टूथपेस्टनं घासलेलं भिंग

आमच्या धम्मपालची एक खोड लई वाईट. आधी हात चालवायचा, विचारायचं मागून.

पोटचा पोरगा हाय, म्हणून खोटं सांगणार नाय. बापाच्या सिनेमाच्या मशीनचं भिंग त्यानं टूथपेस्टनं घासलं. मोटारसायकलचा पिवळा पडलेला हेडलाइट पेस्टनं चमकतो, म्हणून. भिंग धुरकटलं होतं, हे खरं. ह्यानं वर ओरखडेबी पाडले.

आमचे मालक, म्हणजे धम्मपालचे बाप, हयात होते तवा गावोगाव तंबूत सिनेमा दाखवायचे. सगळा जन्म मशीनच्या मागं गेला. पडद्यावर एकदाच आले, बिडकीनच्या विहाराच्या उद्घाटनाच्या रिळात. तेच रीळ बुद्धपौर्णिमेला आमच्या पुंडलिकनगरच्या विहारात लावायचं, असं मी बायांना छातीठोक सांगून बसले होते. चार दिवस राहिले होते.

भिंग पदरात गुंडाळलं, धम्मपालला पुढं घातलं आन् जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या बद्रीनाथकडं गेले. त्यानं भिंगाची नळी उघडून उजेडाला धरली.

"मावशी, बुरशी आतल्या काचेला हाय. ती निघाली असती. पण वरून कुणी घासलं हे?"

"हाय एक दातांचा डॉक्टर माझ्या घरात."



"ओरखडे निघत नसतात, मावशी. दुसरं भिंग बघा."

दुसऱ्या दिवशी धम्मपालनं रजा टाकली. वेरूळकडच्या एका जुन्या तंबूवाल्याच्या घरून भिंग आणलं. बसनं गेला, मोटारसायकलवर हादरे बसतील म्हणून.

विहारात लावून बघितलं तर चित्र ताटाएवढं! मोठ्या तंबूतलं भिंग ते, आमच्यापेक्षा लई लांबून मारायचं. मशीन मागं सरकवत नेलं, तर भिंत आली. शेवटी दाराबाहेर, चपलांच्या पलीकडं टेबल टाकलं, तेव्हा कुठं पडदा भरला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी मालक दिसले. पांढरा सदरा, हातात हार, आन् कॅमेरावाल्यावर चिडलेले. रिळाला आवाज नाय, पण ओठ हलत होते. "नीट धर की रं," दुसरं काय म्हणणार!

रीळ संपलं. मी डोळे पुसले, उठले, बायांमधून वाट काढत दाराबाहेर गेले. धम्मपाल मशीनवर हात ठेवून उभा होता.

सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "धम्मा, आजपासून मशीन तुझं. भिंग धुरकटलं तर बद्रीनाथकडं न्यायचं. पेस्ट घेऊन भिंगाजवळ गेलास, तर घासायला दात ठेवणार नाय."